रेस वाढवून दिली

कामावरून काढल्याचा कागद आला तेव्हा मामा एका इंजिनाचं ऑइल काढत बसले होते. शिपाई म्हणाला, मामा, हात तरी पुसा. मामा म्हणाले, हातापेक्षा तुझा कागद मळका आहे, दे इकडे. काळ्या बोटांनी सही केली आणि परत खाली बसले. ऑइल अर्धंच निघालं होतं, आणि अर्धवट काम टाकून उठायची त्यांना सवय नव्हती.

शेवट मी आधीच सांगून टाकला. ज्याला गोड शेवट लागतो त्यानं दुसरं काही वाचावं. मला सांगायचं आहे ते एवढंच, की हा माणूस कसा बुडाला आणि त्याच्याबरोबर आणखी कोण बुडालं.

पाणीखात्याच्या उंच टाकीखाली एक पत्र्याची शेड आहे. टाकी पाझरते, त्यामुळे शेडची जमीन बारमाही ओली. भिंतीवर खिळे, खिळ्यांना पाने, आणि प्रत्येक पान्यामागे त्याच्याच आकाराची रंगाची रेघ. पाना जागेवर नसला की भिंत चुगली करते. घरोघरी जाऊन पाण्याचे मीटर वाचणाऱ्यांना खात्यानं मोटारसायकली दिल्या आहेत, त्या इथे दुरुस्तीला येतात. गाड्या इतक्या जुन्या, की त्यांच्यावर बसणारी काही पोरं त्यांच्यापेक्षा वयानं लहान आहेत. कंपनीनं ते मॉडेल बनवणं कधीच बंद केलं. खात्यानं चालवणं बंद केलेलं नाही.

मामा या खात्यात आले ते पाइपलाइनचे खड्डे खणायला. एकदा मुकादमाची गाडी रस्त्यात अडली, ती यांनी खड्ड्यातून वर येऊन चालू करून दिली, तेव्हापासून शेडमध्ये. काम मिस्त्रीचं, पण कागदावर शेवटपर्यंत ‘मदतनीस’. त्यांना सख्खी काय, चुलत बहीणसुद्धा नव्हती, तरी सगळ्या खात्याचे मामा. मी रोजंदारी कामगारांच्या संघटनेचं काम करतो, शेडमध्ये माझं जाणं-येणं असायचं. मी त्यांना म्हणायचो, खात्यानं तुमचा पुरता मामा केलाय. ते म्हणायचे, मग तू भाचा हो आणि चहा सांग.

गरीब स्वभावाचा वगैरे माणूस नव्हता तो. तोंड भयंकर. कुणी तावातावानं किक मारायला लागला की म्हणायचे, किक मार म्हणालो, सूड घे नाही म्हणालो. दुसऱ्या कुणी हात लावलेली गाडी आली की तिच्याकडे अशी बघायचे, जशी काही ती उष्टी आहे. शेडमध्ये आपल्यापेक्षा जास्त कुणाला कळतं हे त्यांना खपायचं नाही, आणि खरं सांगायचं तर कुणाला कळतही नव्हतं.

“चौकात उभी राहिली की बंद पडते” ही शेडमधली रोजची तक्रार. ती ऐकली की बाहेरचा मेकॅनिक आधी कार्बोरेटर खोलतो. मामा आधी गाडी न्यूट्रलमध्ये सुरू करायला लावायचे आणि इंजिन गरम होईपर्यंत स्वतः बोलायचे नाहीत, दुसऱ्यालाही बोलू द्यायचे नाहीत. न्यूट्रलमध्येच आचके देऊन बंद पडली, तर कार्बोरेटरात कचरा, नाहीतर रबराला चीर जाऊन हवा ओढतेय, नाहीतर प्लग. पण न्यूट्रलमध्ये शांत चालली आणि क्लच दाबून गिअर टाकल्याबरोबर तिनं मान टाकली, तर कार्बोरेटर बिचारा निर्दोष. क्लच दाबूनसुद्धा सुटत नाहीये. इंजिन चाकाला पुढे ओढतंय, ब्रेक त्याला धरून बसलाय, आणि या ओढाताणीत इंजिनाचा जीव जातो.

मामा म्हणायचे, क्लचचे आजार दोनच, एक धरत नाही आणि दुसरा सोडत नाही. आपल्या साहेबांना दोन्ही आहेत. जबाबदारी धरत नाहीत, खुर्ची सोडत नाहीत.

हे साहेब म्हणजे शेडचे सुपरवायझर. त्यांचं नाव खात्यात कुणी घेत नसे, सगळे बघूसाहेब म्हणायचे. टायर गुळगुळीत झालाय, साहेब. बघू. दिवा लागत नाही, साहेब. बघू. त्या एका शब्दात नाही म्हणायचा त्रासही वाचतो आणि हो म्हणायचा खर्चही.

मीटर वाचणाऱ्यांत बाई एकच, तिला सगळे मीटरताई म्हणत. कंत्राटी नोकरी, घरी अंथरुणाला खिळलेली आई आणि शिकणारी बहीण. गाडी चालवायला ती शेडमागच्या मोकळ्या जागेत शिकली, पडत पडत, सगळ्यांच्या देखत. सुरुवातीला पुरुष मंडळी दात काढायची. एकानं विचारलं, ताई, किक बसते का? ती म्हणाली, बसते, दाखवू? त्यानंतर कुणी विचारलं नाही.

तिची गाडी चौकात बंद पडायला लागली. मामांनी न्यूट्रलला ऐकली, गिअरला ऐकली, म्हणाले, क्लच. वायरची ढील काढली, फरक नाही. ऑइल बदललं, थोडा फरक. मग खोलली. क्लचच्या प्लेटा ज्या डब्यात मागेपुढे सरकतात, त्या डब्याच्या कडांना वर्षानुवर्षं ठोके बसून खाचा पडल्या होत्या. क्लच दाबला की प्लेटा सुट्या व्हायला हव्यात, त्या या खाचांत अडकून बसत होत्या. मामांनी कानस घेऊन कडा सरळ केल्या. गाडी काही दिवस सरळ वागली, मग पुन्हा तेच. पुन्हा कानस. तिसऱ्या खेपेला त्यांनी डबा उजेडात धरला आणि मला दाखवला. आता घासलं तर नुसती कानस उरेल, म्हणाले. नवा डबा हवा.

नवा डबा साहेबांकडे मागितला. बघू.

ताईची फेरी अडली तशी वरून विचारणा झाली, आणि बघूसाहेब नाकाला रुमाल लावून स्वतः शेडमध्ये उतरले. त्यांनी विचारलं, काय होतं गाडीला? बंद पडते. मग रेस वाढवून द्या, बंद पडणार नाही.

रेस म्हणजे इथे शर्यत नव्हे. मुठीला हात नसताना इंजिन आपल्या आपण ज्या चालीनं फिरत राहतं, त्या चालीला शेडमध्ये रेस म्हणतात. कार्बोरेटरला एक बारीक स्क्रू असतो, तो आत फिरवला की रेस वाढते. मामा म्हणाले, साहेब, क्लच ओढतोय. रेस वाढवली तर बंद पडणार नाही, पण उभ्या जागी पुढे ढकलेल. साहेब म्हणाले, ब्रेक आहे ना? बाकीचं बघू. आणि गेले.

मामांनी स्क्रू फिरवला. सगळीकडे हेच चालतं. क्लचचं दुखणं रेसखाली झाकून द्यायचं, गिऱ्हाईक खूश. मामा दुसऱ्यांच्या नावानं बोटं मोडायचे ते याच कामासाठी. ताई आली, किक मारली, चौकाच्या नावानं आधी रडणारी गाडी भरभरत उभी राहिली. आज शहाणी झाली म्हणायची, असं गाडीलाच म्हणत ती निघून गेली.

एका चौकात रस्ता एका बाजूला कलता आहे. पुढे पाइप भरलेला टेम्पो उभा होता. ताई त्याच्या मागे थांबली, क्लच दाबलेला, ब्रेक दाबलेला, गाडी गिअरमध्ये. कलत्या रस्त्यावर तोल सांभाळायला तिनं ब्रेकवरचा पाय उचलून जमिनीवर टेकवला, आणि गाडी निघाली. पाइप तोंडावर येऊ नयेत म्हणून तिनं हँडल फिरवलं, गाडी आडवी झाली, आणि फुटपाथच्या कडेवर तिच्या गुडघ्याची वाटी फुटली. टेम्पोवाला सांगतो, पडल्यावरसुद्धा तिची बोटं क्लचवर तशीच आवळलेली होती. बाईनं करायचं ते सगळं बरोबर केलं होतं.

आता चौकशी. तिच्यात रस्ते दोनच होते. गाडी खराब होती असं ठरलं, तर ताईचा अपघात कामावरचा धरला जाणार, उपचार खात्याकडे, नोकरी शाबूत, आणि मिस्त्री घरी. गाडी ठीक होती असं ठरलं, तर चूक ताईची, ती घरी, मिस्त्री शाबूत. दोन कामगार एकमेकांसमोर बांधून ठेवायचे आणि आपण सावलीत उभं राहायचं, ही यांची जुनी कला. साहेबापर्यंत जाणारा तिसरा रस्ता कुणी आखलाच नव्हता.

बघूसाहेब मामांच्या घरी आले. लोखंडी जिना चढून वर दीड खोली, अर्ध्या खोलीत मामींचं इस्त्रीचं टेबल. साहेब खुर्चीच्या पाठीवर टांगलेल्या शर्टाला टेकून बसले आणि म्हणाले, गाडी ठीक होती एवढंच सांगा, पोर कच्ची आहे, तिला चालवता येत नाही. मामा म्हणाले, तिला येते, तुम्हाला येत नाही. साहेब समजूत घालत राहिले, वय काढलं, पुढचे दिवस काढले. मामी इतका वेळ पाठमोऱ्या इस्त्री करत होत्या. त्यांनी इस्त्री उभी केली.

“उठा साहेब,” त्या म्हणाल्या. “गिऱ्हाईकाचा शर्ट चुरगळतोय.”

दुसऱ्या दिवशी मी गेलो. मी म्हणालो, मामा, खरं सांगा, पण पूर्ण सांगा. क्लच सोडत नव्हता, नवा डबा मागितला होता, साहेबांनी हुकूम दिला म्हणून रेस वाढवली. तिन्ही वाक्यं, याच क्रमानं. मामा दोन वाक्यांपर्यंत माझ्याबरोबर होते. तिसऱ्याला अडले.

“साहेब सांगणार आणि मी फिरवणार?” ते म्हणाले. “मग मी कोण, त्यांचा स्क्रू ड्रायव्हर?”

मी म्हणालो, अहो, पण त्यांनी सांगितलंच होतं. ते म्हणाले, सांगितलं असेल, हात माझा होता. माझ्या शेडमध्ये माझ्या हातानं दुसऱ्याच्या डोक्यानं काम केलं, असं मी चारचौघांत म्हणणार नाही. माझं डोकं फिरलं. आम्ही असे भांडलो, की खालच्या मजल्यावरचे लोक जिन्यात आले. तुमचा हा ताठा साहेबाची ढाल होणार आहे, हे मी त्यांना ओरडून सांगितलं. मामी म्हणाल्या, तुम्ही कशाला घसा फोडताय, यांच्या तोंडाला क्लचच नाही, एकदा गिअर पडला की पडला.

चौकशीच्या खोलीत मला घेतलं नाही. मी खात्याचा नोकर नाही, म्हणून मी दाराबाहेर. आत काय झालं ते दाराशी उभ्या असलेल्या शिपायाकडून ऐकलं, आणि पुढे मामांच्या तोंडूनही, जेव्हा त्यांना त्याचा अर्थ कळला होता.

चौकशी अधिकारी सभ्य होते, आवाज चढवत नव्हते. कार्यालयीन मराठी अशी, की पाणीखात्यात राहून ते पाण्याला पाणी म्हणत नसत, जल म्हणत. त्यांनी विचारलं, आपण वाहनाला नेमकं काय केलंत?

“रेस वाढवून दिली.”

“म्हणजे वेग वाढवला.”

“हो, म्हणजे इंजिनाचा. उभ्या गाडीचा.”

“उभ्या गाडीला वेग असतो का हो?”

टाइपिस्ट हसला. अधिकारीही हसले. मामांना सगळं चालायचं, हसलेलं चालायचं नाही. ते उभे राहिले आणि हातवारे करून सांगायला लागले, की गाडी उभी असली तरी आत सगळं फिरत असतं. अधिकाऱ्यांनी हात वर केला, ते आत-बाहेर राहू द्या, वाढवला की नाही एवढं सांगा. मामा म्हणाले, वाढवला. का वाढवला? क्लच सोडत नव्हता म्हणून. कुणाच्या सांगण्यावरून? मामांनी एकदा बघूसाहेबांकडे पाहिलं. ते भिंतीवरच्या पंख्याकडे पाहत होते.

“मिस्त्रीला कुणी सांगायचं नसतं,” मामा म्हणाले.

अधिकाऱ्यांनी जबाब सांगायला घेतला आणि टाइपिस्टनं तो टिपला. वाहनाचा वेग मी स्वतः वाढवून दिलेला होता व अपघातसमयी वाहन वाढीव वेगात होते, हे मला मान्य आहे. क्लच सोडण्यात आलेला नव्हता, हेही मला मान्य आहे. मामांनी ते वाचलं. त्यांना वाटलं, जसं पाण्याचं जल, तसा रेसचा वेग. आणि क्लच सोडत नव्हता हे तर त्यांचंच वाक्य, फक्त इस्त्री केलेलं. त्यांनी सही केली. खरं बोलून आलो, असं बाहेर येऊन मला छाती काढून म्हणाले.

निकाल आला तो दोघांच्या नावानं. मदतनीस असताना मिस्त्रीचं काम परस्पर केलं आणि वाहनात धोकादायक फेरफार केला, म्हणून मामा कमी. इतकी वर्षं ज्यांनी मिस्त्रीचं काम करून घेतलं, त्यांनीच ‘मदतनीस असताना’ हे शब्द लिहिले. आणि चालक महिलेनं वाढीव वेगात वाहन चालवलं, क्लच योग्य वेळी सोडला नाही, म्हणून अपघात तिच्या चुकीचा, उपचार तिचे तिनं करावेत, कंत्राट पुढे चालू नाही. पुरावा म्हणून मिस्त्रीचा जबाब.

ताई उभी होती. गाडी पळत नव्हती, उभी होती. ही साधी गोष्ट त्या खोलीतून बाहेर येईपर्यंत उलटी झाली आणि ती उलटवायला कुणाला खोटंसुद्धा बोलावं लागलं नाही. मी अपील केलंय. रेस म्हणजे काय हे समजवायला मी वरच्या अधिकाऱ्यापुढे शेडमधली एक गाडी नेऊन उभी करतो म्हणालो. प्रांगणात वाहन सुरू करण्यास परवानगी नाही, असं उत्तर आलं. शेडमध्ये आता फलक आहे, ‘रेस वाढवू नये.’ त्यामुळे नवा माणूस स्क्रूला हातच लावत नाही, आणि मीटर वाचणारी पोरं फाटकाबाहेर गेली की चहाच्या टपरीवर स्क्रूच्या खाचेत नाणं घालून आपापली रेस वाढवून घेतात. नवा डबा अजून आलेला नाही. बघूसाहेब आहेत तिथेच आहेत.

ताई काठी घेऊन चालायला लागली तेव्हा एका दुपारी मामांच्या घरी आली. मी तिथेच होतो, अपिलाचं बोलत. मामींनी जिन्यात उतरून तिला धरून वर आणलं, खुर्चीवर बसवलं, पाय ठेवायला कपड्यांचं गाठोडं पुढे सरकवलं. मामा पलंगाच्या कडेवर. 

मला वाटत होतं ती जबाबाबद्दल भांडेल. त्या भांडणाला माझ्याकडे उत्तर तयार होतं. पण तिनं जबाबाचं नावच काढलं नाही.

“मामा, गाडी माझ्या हातात दिली तेव्हा तुम्हाला माहीत होतं? ती ढकलणार म्हणून?”

“होतं,” मामा म्हणाले. “साहेबांना सांगितलं होतं मी.”

“गाडी साहेब चालवत होते का?”

मी मधे पडलो. म्हणालो, ताई, खरा दोषी कोण ते बघ, हुकूम कुणाचा होता ते बघ. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, तुम्ही थांबा. मग मामांना म्हणाली, “मला सांगायचं होतं. उभी करण्याआधी न्यूट्रल कर, एवढंच. मी केली असती.”

सोपं होतं ते. मामा किल्ली देताना बोलले असते तर चौक आला-गेला असता. पण शेडमध्ये मिस्त्री साहेबाला सांगतो, साहेब बघू म्हणतो, आणि जिला त्या गाडीवर बसायचं असतं तिला कुणी काही सांगत नाही. तशी पद्धतच नाही. मामांच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. साहेबांपुढे न वाकलेला माणूस तिच्यापुढे खाली बघत होता, आणि मला त्याची दया येत नव्हती. रागही धड येत नव्हता.

मामींनी चहा ठेवला होता. ताई चहासाठी थांबली नाही. जिन्यावर तिचा पाय वाकत नव्हता, म्हणून ती कठडा धरून उलटी उतरायला लागली, तोंड आमच्याकडे करून. मामा उठून दारापर्यंत गेले आणि त्यांनी हात पुढे केला.

“राहू द्या,” ती म्हणाली, आणि एकेक पायरी खाली जात राहिली.